क्रेनवर चढायला फिट, म्हणे!

“दिमाग के आगे वाले हिस्से में चोट है. दोनों तरफ. ऑपरेशन अभी नहीं करेंगे, देखेंगे.” एवढं बोलून डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळले. मी स्कॅनच्या खोलीबाहेर भिंतीला टेकून उभी होते आणि माझ्या तोंडून निघालं, “अच्छा.” नवऱ्याच्या मेंदूला मार लागलाय आणि बायको म्हणते अच्छा! त्या घडीला माणसाला काय सुचते?

रिपोर्टवर लिहिलं होतं बायफ्रंटल कन्ट्यूजन. कन्ट्यूजन म्हणजे मुका मार. गुडघा आपटला की कातडी फाटत नाही पण आत काळंनिळं होतं, तसं ह्यांच्या कपाळामागे मेंदूत दोन्ही बाजूंनी झालं होतं. ते उतरेल, असं डॉक्टर म्हणाले आणि ते उतरलंही. पण मेंदूचा हा पुढचा भाग काय काम करतो, हे मला कुणी सांगितलं नाही. हात चालतील का, पाय चालतील का, बोलतील का, एवढंच मी विचारलं आणि तेवढ्याचीच उत्तरं मिळाली.

म्हणून मीच सांगते, म्हणजे तुमच्यावर वेळ आली तर तुम्ही विचाराल. राग कुठे गिळायचा, कुठे हसायचं नाही, आधी काय आणि मग काय, हातात घेतलेलं काम शेवटास न्यायचं असतं, हे सगळं माणसाला त्या भागामुळे जमते. तिथे मार लागलेला माणूस चालतो, बोलतो, जेवतो. बघणाऱ्याला वाटतं, झाला बरा!

आम्ही जबलपूरला, अधारतालला राहतो. घरात मी, हे आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई. मी शाळेत आठवीला गणित शिकवते. हे कारखान्यात क्रेन चालवायचे. रस्त्यावर दिसते ती क्रेन नव्हे. शेडच्या छताखाली रुळांवरून फिरते ती. वर केबिनमध्ये हे एकटे, साखळीला लटकलेलं टनावारी लोखंड, आणि खाली काम करणारी माणसं. एवढं ध्यानात ठेवा, कारण माझा सगळा राग तिथूनच सुरू होतो.

अपघात जवळच्या पाटन गावाहून येताना झाला. मित्राच्या शेतातला मटार आणायला मोटारसायकलवर गेले होते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीनं इशारा न देता वळण घेतलं. हेल्मेट डोक्यावर होतं पण पट्टा लावला नव्हता, त्यामुळे डोकं आपटायच्या आधी हेल्मेटच उडून गेलं. पट्टा न लावलेलं हेल्मेट म्हणजे नुसती टोपी, हे मी आता येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून सांगते. लोक मला टाळतात. टाळू देत.

इस्पितळाचं नाव मी घेणार नाही. आयसीयूच्या बाहेर लोखंडी बाकांवर आम्ही सगळे नातेवाईक बसायचो. सिहोऱ्याचे एक काका होते, त्यांचा मुलगा आत होता. ते कुणालाही चहा आणून द्यायचे आणि स्वतः प्यायचे नाहीत. दार उघडलं की सगळ्यांच्या माना एकदम वळायच्या.

आत रोज जीसीएस मोजत. त्याला ग्लासगो कोमा स्केल म्हणतात. पेशंट डोळे उघडतो का, बोलतो का, सांगितलेलं करतो का, ह्याला पंधरापैकी गुण. मी मास्तरीण. मला तर ही परीक्षा आवडूनच गेली. आठ, मग दहा, मग बारा. पोरगा सुधारून राहिला, असं वाटायचं. गुणांवर इतका विश्वास ठेवू नये, हे मला वर्गात बसणाऱ्या पोरांमुळे कळायला हवं होतं.

त्याच दिवसांत डॉक्टर अंशुल भेटला. तरुण, नम्र, जबलपूरचाच मुलगा; तिथे सगळ्यांशी मी हिंदीतच बोलायचे, इथे मराठीत सांगते. म्हणाला, “आंटी, मैं सीख रहा हूँ.” अपघातात जखमी झालेल्या लोकांवर संशोधन कसं करायचं, हे तरुण डॉक्टरांना आणि प्रयोगशाळेतल्या मुलामुलींना शिकवायचा एक कार्यक्रम तिथे चालतो. त्याला ह्यांच्या रक्ताचे नमुने हवे होते. मार लागला की मेंदूतून एक प्रोटीन रक्तात उतरतं. त्यावरून पेशंट पुढे किती सुधारेल हे आधीच सांगता येईल का, असा त्यांचा अभ्यास. काही महिन्यांनी फोन करून तब्येत विचारणार होते. त्यानं सगळं न घाई करता समजावलं आणि मी सही केली. त्या सहीबद्दल मला अजूनही काही वाटत नाही. शिकणारे शिकणार नाहीत तर आपल्या लेकराबाळांना वाचवणार कोण?

त्यानं नेहमी उचलला जाईल असा नंबर मागितला. शाळेत आमचे फोन कपाटात ठेवावे लागतात, म्हणून आईंचा दिला.

हे घरी आले तेव्हा गल्लीतल्या बायकांनी ओवाळलं. नातेवाईक येऊन म्हणाले, चमत्कार झाला. मलाही तसंच वाटलं होतं.

मग शेजारचे आजोबा वारले. भेटायला गेलो, तर त्यांच्या मुलासमोर हे खो खो हसत म्हणाले, की तुमच्या बाबांची कवळी सांभाळून ठेवा, कुणाला तरी येईल. मी ह्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. माझा नवरा असा नव्हता हो. दुसऱ्याच्या घरी चप्पल काढतानासुद्धा ओळीत लावणारा माणूस. मग भाजीत मीठ कमी पडलं म्हणून ताट भिरकावलं, आणि पाच मिनिटांनी मलाच विचारलं, “हे कोणी सांडलं?” आंघोळीला निघायचे आणि गच्चीवर जाऊन बसायचे. वास तर पूर्ण गेला होता. ह्याला अ‍ॅनॉस्मिया म्हणतात. दूध करपून कोळसा झालं तरी ह्यांना पत्ता नाही.

आणि वरून म्हणायचे, “मला काय झालंय? मी तर एकदम फिट आहे.” ते खोटं बोलत नव्हते. स्वतःत काय बदललं ते कळायलाही तोच भाग लागतो ना!

त्यांना क्रेनवर जायचं होतं. रोज उठून तेच. कारखान्याच्या डॉक्टरांनी इस्पितळाचं मत मागवलं. मी म्हटलं चला, इस्पितळवालेच सांगतील, मला वाईट व्हायला नको. ओपीडीत ह्यांना सरळ रेषेत चालवलं, बोट नाकाला लावायला सांगितलं, नवा स्कॅन पाहिला. मला बाहेर बसवलं होतं. आणि कागद आला: गुड रिकव्हरी. पूर्वीच्या कामावर जाण्यास फिट.

हे खव्याची जलेबी घेऊन घरी आले. जो माणूस गॅसवर दूध ठेवून विसरतो, तो लोकांच्या डोक्यावर लोखंड टांगणार?

शाळेतून सुट्टी घेतली आणि तडक अंशुलला गाठलं. तो बिचारा मला पाहून खूश झाला. “आंटी, अंकल तो हमारे बेस्ट केस हैं. आठ में आठ!” त्यानं समजावलं, ह्याला एक्स्टेंडेड ग्लासगो आउटकम स्केल म्हणतात. एक म्हणजे मरण आणि आठ म्हणजे पूर्ण बरा. ओपीडीच्या डॉक्टरांनी तेच आठ पाहून मत दिलं होतं.

“हे आठ कोणी दिले?”

“फोन पर पूछा था ना. माताजी से बात हुई. बहुत अच्छे से सब बताया उन्होंने.”

एकटे बाहेर जातात का? जातात. बाजार करतात का? करतात. घरच्यांशी, मित्रांशी वागणं पूर्वीसारखं आहे का? तर आईंनी सांगितलं, “राम जैसा बेटा है मेरा. सब ठीक है, भगवान की कृपा.”

घरी येऊन मी आईंना विचारलं, “आई, तुम्ही असं काहून सांगितलं हो?”

आई तांदूळ निवडत होत्या. वरसुद्धा पाहिलं नाही. “तर मग काय सांगू? परक्यापाशी आपल्या लेकराचं वाईट काहून बोलू मी? बोललेलं लागते, बाई. तब्येत विचारली तर बरा आहे म्हणा लागते. तुह्या माहेरी शिकवलं नाही का?”

शिकवलं होतं. माझी आईही हेच म्हणायची. ताप चढलेला असो नाहीतर हाड मोडलेलं असो, बाहेरच्यानं विचारलं की “बरं आहे”. म्हणून आईंवर मी रागावले नाही, आणि ज्यांनी आईंचा दोष काढला त्यांच्याशी मी भांडले.

माझा राग शिकवणाऱ्यांवर होता आणि आहे. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले आणि अंशुलला विचारलं, “बेटा, तुझे बाबा आजारी असते आणि अनोळखी माणसानं फोन करून तुझ्या दादीला विचारलं असतं, तर तिनं काय सांगितलं असतं?”

त्यानं हातातला पेन खिशाला लावला. मग म्हणाला, “यही कहतीं. सब ठीक है.”

“मग हे तुला माहीत होतं की!”

“मालूम था, आंटी,” तो म्हणाला. “पर सोचा नहीं. हमें सवाल पढ़ना सिखाया था.”

सांगा आता! रक्तातलं एवढंसं प्रोटीन मोजायला शिकवता, कोट्यवधी पेशींतून त्याचा माग काढता, आणि फोन कुणी उचलला एवढं विचारायला शिकवत नाही? ज्या घरात फोन लावता त्या घराची रीत काय, हे परदेशातून आलेल्या प्रश्नावलीत कसं असेल? आणि हा मुलगा तर इथलाच. घरी जे त्याला उठताबसता ठाऊक होतं, ते इस्पितळाच्या दारात चपलेसारखं काढून ठेवायला त्याला कुणी सांगितलं?

मी मोठ्या सरांकडे गेले. हा शिकवण्याचा कार्यक्रम चालवतात ते. बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मैडम, डेटा लॉक हो चुका है, अब उसमें कुछ बदल नहीं सकते. और एक मरीज से नतीजा नहीं बदलता.”

“तुमचा नाही बदलत,” मी म्हटलं. “क्रेनखाली उभं असणाऱ्याचा बदलेल.” माझा आवाज इतका चढला की बाहेरचा शिपाई आत आला. सर म्हणाले, तपासून बघू. मी म्हटलं, इथे नका तपासू. इथे ते पास होतात. ते अर्धा तास तुमच्यासमोर असे बोलतील की तुम्हालाच वाटेल बाई वेडी आहे. घरी या.

सर आले नाहीत. रविवारी अंशुल आला.

मी ह्यांना एवढंच म्हटलं, डॉक्टर आलेत, तुमच्या हातचा चहा करा. हे खुशीत उठले, दूध-पाणी-साखर गॅसवर ठेवलं. तेवढ्यात बाहेर भाजीवाला ओरडला. हे फाटकाशी गेले, त्याच्याशी टमाट्यांवरून हुज्जत घातली, परत येऊन बैठकीत बसले आणि अंशुलला क्रेनच्या गोष्टी सांगायला लागले. छान सांगत होते. तो हसत होता. आणि मग त्याचं नाक हललं.

आई झटकन उठल्या. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की मी शाळेत असते तेव्हा ह्या रोज अशाच उठत असणार. ह्यांनी ठेवलेलं उतरवायचं, उघडं टाकलेलं लावायचं, आणि कुणाला बोलायचं नाही.

अंशुलनं हळूच त्यांचा हात धरला. “दादी, रहने दीजिए.”

आई उभ्याच राहिल्या. भांडं तडतडायला लागलं. स्वयंपाकघरातून काळा धूर बैठकीत आला, आम्ही चौघंही खोकायला लागलो. हे खोकत होते आणि सांगत होते, “वीस टन, डॉक्टर साब, वीस टन! एक उँगली से उठाता था. रुकिए, चाय आ ही रही है.”

मी जाऊन गॅस बंद केला. परत आले तर आई अंशुलचा हात सोडत नव्हत्या. हे उठून वाळत घातलेल्या टॉवेलकडे निघून गेले होते, कशाला कोण जाणे. आई त्या मुलाला हिंदीत सांगायचं विसरल्या. “नाही रे बाळा, नाही बरा माझा लेक. मी खोटं बोलली. हा दिसते तसाच, पण हा तो नाही.” आणि मग तोंडाला पदर लावून इतक्या रडल्या, की लग्नानंतर इतक्या वर्षांत मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. अंशुलला मराठी येत नाही. पण त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं आणि ते धुरामुळे नव्हतं.

त्यानंतर ह्यांची न्यूरोसायकॉलॉजिकल टेस्ट झाली. म्हणजे सुई नाही, मशीन नाही; समोर बसवून कामं देतात. कार्डं लावा, नियम बदलला की तुम्हीही बदला, चार गोष्टींचा क्रम ठरवा. हे नियम बदलला तरी जुन्याच नियमानं कार्डं लावत राहिले आणि टेस्ट घेणाऱ्या बाईंनाच म्हणाले, तुमचं चुकतंय. ही टेस्ट मागून घ्या. कपाळामागचा मार असेल तर भांडून मागा. आम्हाला ती आधीच मिळायला हवी होती.

कागद बदलला. क्रेन नाही. कारखान्यानं ह्यांना खाली स्टोअरमध्ये बसवलं. हे माझ्याशी कित्येक दिवस बोलले नाहीत. येणाऱ्याला सांगायचे, “हिनंच माझी क्रेन खाल्ली.” लोक माझ्याकडे बघायचे. बघणाऱ्यांना मी काय काय समजावू?

अंशुलबद्दल मात्र मी कायम चांगलंच बोलेन. त्यानं सरांशी वाद घातला. आता ते फोन कुणी उचलला ते विचारतात, घरच्या एकाहून जास्त माणसांशी बोलतात, काहींच्या घरीही जातात. पण त्या पहिल्या अभ्यासात ह्यांचे आठ गुण अजून आठच आहेत. कुठेतरी छापून येतील. कुणी मोठा शास्त्रज्ञ त्यावरून सांगेल, की एवढं प्रोटीन असलेला पेशंट पूर्ण बरा होतो. ह्या विचारानं अजूनही माझं डोकं तापतं.

मग सरांनीच बोलावलं. नवीन बॅच आली होती, डॉक्टर आणि प्रयोगशाळेतले दोन्ही. म्हणाले, मैडम, जे मला बोललात ते ह्या मुलांना बोला. हे हट्टानं सोबत निघाले, की डॉक्टरांना भेटून क्रेनचं बोलतो.

हॉल भरला होता. मी बोलायच्या आधीच पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं ह्यांना विचारलं, “अंकल, कैसे हैं आप?”

“एकदम फर्स्ट क्लास! क्रेन वाले का दिमाग तो वैसे भी ऊपर ही रहता है!” असं म्हणून हात वर केला. सगळा हॉल हसला. मीही हसले. मी बोलायला लागले. थोड्या वेळानं हे उठून उभे राहिले, “क्रेन वाले का दिमाग तो वैसे भी ऊपर ही रहता है!” काहीजण हसले. मी पुढे बोलत राहिले. पुन्हा हे उठले, तोच हात, तेच वाक्य. ह्या वेळी कुणीच हसलं नाही. हे एकटेच हसत होते.

मी ह्यांच्याकडे हात केला. मग म्हटलं, “हे तुमचे आठपैकी आठ.”

मला लाज वाटली. आपलं माणूस असं लोकांसमोर मांडायचं, ह्याची वाटली, आणि ते करायची पाळी माझ्यावर आणली त्यांचा संतापही आला. ती पोरं मान खाली घालून लिहीत होती. मी म्हटलं, लिहू नका, वर बघा.

परतताना ई-रिक्षात हे खुशीत होते. “सगळे हसले ना? मी बरोबर बोललो ना? आता देतील क्रेन.”

माझ्या जिभेवर आलंच होतं, हो, देतील. बरं आहे सगळं. मग मी म्हटलं, “नाही देणार. मीच नको म्हणून सांगितलं.”

“काहून?”

“खाली माणसं असतात म्हणून.”

मला वाटलं, आता भर रस्त्यात ओरडतील. पण ते कपाळाला आठ्या घालून विचार करत होते, पूर्वी पाळी संपवून घरी आले की करायचे तसे. मग म्हणाले, “हो. ते तर आहे. खाली माणसं असतात.”

मी त्यांचा हात धरला. अधारतालचा चौक येईपर्यंत त्यांनी पुन्हा विचारलं, क्रेन कधी देतील. मी पुन्हा सांगितलं.